'सगळ्यांना ॲडमिन करा' हा इलाज थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ठिकठिकाणच्या कार्यालयांत विंडोज ११ चे नवे संगणक बसू लागले. तहसील असो, पतसंस्था असो, लातूरच्या बाजार समितीतली आडत असो की वाळूजच्या कारखान्यातले स्टोअर, जुनी सॉफ्टवेअर नव्या मशिनवर चढवण्याची धावपळ सुरू आहे. "इन्स्टॉलच होत नाही, परवानगी मागतंय" ही तक्रार त्यात सारखी ऐकू येते. तिच्यावरचा इलाजही ठरलेला: ऑपरेटरचे खाते ॲडमिन, म्हणजे सर्व अधिकारांचे, करायचे, यूएसीची (संगणकात बदल करण्याआधी परवानगी विचारणाऱ्या विंडोजच्या सोयीची) पट्टी तळाला ओढायची, अँटिव्हायरस बंद करायचा. पावती निघते आणि सगळे मोकळे होतात. हा इलाज धोक्याचा आहे, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. नेमके कुठे अडले हे थोड्या निरीक्षणाने कळते आणि तेवढीच परवानगी देता येते. ते कसे, हे सांगण्यासाठी हे पत्र. थोडे लांबले आहे, पण तपशिलाशिवाय उपयोग नाही.

आधी परवानगी मागणारी ती खिडकी नीट बघा. तिच्यात फक्त 'येस' आणि 'नो' अशी दोनच बटणे असतील तर तुम्ही ॲडमिन खात्यातच बसलेले आहात. पासवर्डची चौकट असेल तर तुमचे खाते स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचे, आहे आणि ॲडमिनचा पासवर्ड लागेल. खिडकीच न येता 'ॲक्सेस डिनाइड' असा थेट नकार मिळाला, तर यूएसीची पट्टी आधीच कुणीतरी तळाला नेऊन ठेवली असण्याची शक्यता मोठी. पट्टी तळाला असली की ॲडमिन खात्यावर सगळे न विचारता मंजूर होते आणि स्टँडर्ड खात्यावर सगळे न विचारता नाकारले जाते. मग लोक म्हणतात, "यूएसी बंद केला तरी चालत नाही." तो बंद केल्यामुळेच चालत नाही. पट्टी वरून दुसऱ्या खुणेवर, म्हणजे मूळ जागी ठेवा.

चौथा प्रकार त्रासदायक: पासवर्डची चौकटच नाही आणि 'येस' बटण फिकट. संगणकावर चालू स्थितीतले एकही ॲडमिन खाते उरलेले नाही, असा त्याचा अर्थ. कुणीतरी एकमेव ॲडमिन खाते स्टँडर्ड करून टाकलेले असते. हे ऑपरेटरच्या टेबलावर सुटत नाही, जाणकार तंत्रज्ञच लागतो. म्हणून क्रम पाळा. आधी वेगळे ॲडमिन खाते तयार करा, त्या खात्याने प्रत्यक्ष लॉगिन करून पासवर्ड चालतो का बघा, आणि त्यानंतरच रोजच्या वापराचे खाते स्टँडर्ड करा.

स्टँडर्ड खात्यात ॲडमिनचा पासवर्ड टाकून सेटअप चालवला, सगळे व्यवस्थित झाल्याचा संदेश आला, आणि ऑपरेटरच्या डेस्कटॉपवर काहीच दिसत नाही, असे पुष्कळदा घडते. पासवर्ड टाकल्यावर ते सेटअप ॲडमिन खात्याच्या नावाने चालते. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसणारे सॉफ्टवेअर सगळ्यांना दिसते, पण वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये बसणारे सॉफ्टवेअर ॲडमिनच्या घरात जाऊन बसते. अशा सॉफ्टवेअरचे सेटअप ऑपरेटरच्या खात्यातून साधे डबल क्लिक करूनच चालवायचे असते. सेटअपमध्ये 'फॉर ऑल यूजर्स' असा पर्याय असेल तर तो निवडा. याच कारणाने झेड किंवा वाय असे नाव दिलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरून सेटअप चालवले की 'पाथ सापडत नाही' असा संदेश येतो, कारण ती जोडणी ऑपरेटरच्या खात्याची असते आणि ॲडमिनच्या नावाने चालणाऱ्या सेटअपला ती दिसत नाही. सेटअप आधी सी ड्राइव्हवर कॉपी करून घ्या.

कॉपी करताना झिप फाइल उघडून आतले सेटअप तिथूनच चालवू नका. बाजूच्या फाइल्स न मिळाल्याने ते अर्ध्यात मोडते. झिपवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'ची चौकट दिसली तर, फाइल खात्रीच्या ठिकाणाहून आणलेली असेल तरच, तिथे खूण करा आणि मग 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा. फोल्डरचे नाव छोटे आणि इंग्रजीत ठेवा. मराठीवर आमचे प्रेम कमी नाही, पण युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची एकच संकेतपद्धत) न कळणारी जुनी सॉफ्टवेअर मराठी नावाच्या फोल्डरवर अडखळतात. वापरकर्त्याचे खातेच मराठी नावाने तयार केले असेल तर त्याचा टेंपररी फोल्डरही मराठी नावाखाली जातो आणि जुने सेटअप सुरू होताच कोसळते. खाते तयार करताना नाव इंग्रजीत द्या. पडद्यावर दिसणारे नाव नंतर मराठीत बदलता येते, फोल्डरचे नाव आहे तेच राहते.

चूक दाखवणाऱ्या संदेशातला आकडा कागदावर लिहून घ्या किंवा फोटो काढा. "काहीतरी एरर आला" एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही. शेवटी ८००७०००५ असेल तर परवानगी नाकारली गेली. ७४० म्हणजे हा प्रोग्राम ॲडमिन म्हणून सुरू करायला हवा. १९२५ म्हणजे सगळ्या वापरकर्त्यांसाठी इन्स्टॉल करण्याचा अधिकार या खात्याला नाही. १६१८ चा परवानगीशी संबंध नाही: मागे दुसरे एखादे इन्स्टॉलेशन चालू आहे, थांबा किंवा रीस्टार्ट करा. ३०१० आला तर काम झाले आहे, फक्त रीस्टार्ट बाकी. १६०३ मात्र फसवा. 'काहीतरी गंभीर बिघडले' इतकेच तो सांगतो. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून ॲप्लिकेशनच्या नोंदींत 'एमएसआय इन्स्टॉलर' या नावाच्या ओळी वाचा, कारण बहुधा तिथे सापडते. आणि रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच. 'शट डाउन' करून पुन्हा चालू केल्याने फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा पूर्ण नव्याने सुरू होत नाही, आणि अर्धवट राहिलेले ड्रायव्हर (जोडलेली उपकरणे चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) तसेच लटकत राहतात.

बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरला डॉट नेट ३.५ (प्रोग्राम चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा संच) लागते. विंडोज ते इंटरनेटवरून आणायला जाते. कार्यालयाची अपडेट्स आतल्या सर्व्हरवरून येत असतील तर ८००एफ०९५४ असा आकडा दाखवून नकार मिळतो. अशा वेळी त्याच आवृत्तीच्या विंडोजची डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह घेऊन तिच्यातल्या 'सोर्सेस' फोल्डरमधील 'एसएक्सएस'मधून ते बसवावे. तालुक्याच्या ठिकाणी इंटरनेट रडतखडत चालत असेल तरी हाच मार्ग बरा. आणि 'अमुक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडत नाही' असे आले तर कुठल्यातरी संकेतस्थळावरून ती एकटी फाइल उतरवून सिस्टम फोल्डरमध्ये टाकू नका. ती ज्या संचातली असते तो व्हिज्युअल सी++ चा संच मायक्रोसॉफ्टकडून घेऊन बसवा. ३२ बिट सॉफ्टवेअरला ६४ बिट विंडोजवरही ३२ बिट संचच लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता सर्वांत नुकसान करणारा प्रकार, आणि तो सगळ्यात कमी ओळखला जातो. आडतीचे, शाळेच्या फीचे, पतसंस्थेचे कितीतरी जुने प्रोग्राम आपला डेटा 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या स्वतःच्या फोल्डरमध्येच लिहितात. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून विंडोज तिथे लिहू देत नाही. पण जुना ३२ बिट प्रोग्राम बंद पडू नये म्हणून विंडोज गुपचूप ती फाइल वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल, 'व्हर्च्युअलस्टोअर' या फोल्डरमध्ये लिहून घेते. प्रोग्रामला वाटते आपण मूळ जागीच लिहिले. परिणाम असा की सकाळच्या ऑपरेटरने केलेल्या नोंदी संध्याकाळच्या ऑपरेटरला त्याच संगणकावर दुसऱ्या लॉगिनने दिसत नाहीत. कुणी एक दिवस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केले की सगळा डेटा गेल्यासारखे वाटते. गेलेला नसतो, दुसऱ्या प्रतीत असतो. हंगामात सोयाबीनच्या पट्ट्यांचा हिशेब दोन प्रतींत विभागला गेला तर जुळवताना रात्री जातात.

यावर उपाय आहे. प्रोग्राम बंद करा. प्रत्येक वापरकर्त्याचा व्हर्च्युअलस्टोअर उघडून फाइल्सच्या तारखा आणि आकार बघा, सगळ्या प्रतींचा बॅकअप घ्या. मग ॲडमिन खात्यातून प्रोग्रामच्या फोल्डरवर उजवे क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, यादीतून 'यूजर्स', आणि 'मॉडिफाय'वर खूण. 'फुल कंट्रोल' लागत नाही, 'एव्हरीवन' लागत नाही आणि पूर्ण सी ड्राइव्हला तर हातही लावायचा नाही. ताजी प्रत मूळ फोल्डरमध्ये ठेवा आणि व्हर्च्युअलस्टोअरमधली प्रत तिथून हलवा. ती हलवली नाही तर परवानगी दिल्यावरही प्रोग्राम तीच वाचत राहतो, आणि "परवानगी दिली तरी जमलं नाही" असे म्हणून माणसे पुन्हा ॲडमिनकडे वळतात. याहून चांगले म्हणजे सॉफ्टवेअर देणाऱ्याला डेटा फोल्डर 'प्रोग्राम फाइल्स'बाहेर हलवायला लावणे. अनेक प्रोग्राममध्ये ती सोय असते, कुणी विचारत नाही.

टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका मशिनवर ठेवून बाकीचे त्यावर काम करतात, तिथे दोन परवानग्या असतात: शेअरिंगची एक आणि फोल्डरच्या सिक्युरिटीची दुसरी. वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा असला तरी माजघराला कुलूप असेल तर आत जाता येत नाही, तसे दोन्हींतली जी कडक ती लागू होते. शेअरिंगमध्ये पूर्ण अधिकार देऊनही डेटा फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही, याचे कारण बहुधा सिक्युरिटीच्या पानावर असते. शिवाय पासवर्ड नसलेल्या खात्याने विंडोज नेटवर्कवरून आत येऊच देत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारात पासवर्डाशिवायचा 'गेस्ट' प्रवेशही मुळात बंद असतो. नवा संगणक आला आणि जुने शेअरिंग बंद पडले, तर सुरक्षा सैल करत बसू नका. डेटाच्या मशिनवर प्रत्येक ऑपरेटरच्या नावाचे पासवर्ड असलेले खाते तयार करा आणि त्याच नावाने जोडा.

प्रिंटरबद्दलही गैरसमज आहे. पूर्वी शेअर केलेला प्रिंटर कुणीही जोडायचा, आता ॲडमिन का मागतो? २०२१ च्या जून-जुलैमध्ये प्रिंट स्पूलरमधली (छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या सेवेतली) 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेली गंभीर त्रुटी उघड झाली, आणि त्या ऑगस्टच्या अपडेटपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिन लागतो. हे बंधन रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून) काढण्याचे उपाय फिरतात, ते करू नयेत. प्रत्येक मशिनवर ॲडमिनने एकदा ड्रायव्हर बसवून ठेवला की ऑपरेटरला प्रिंटर जोडताना काही विचारले जात नाही.

आपल्याकडच्या कार्यालयांचा खास विषय म्हणजे मराठी फाँट. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फाँटवर उजवे क्लिक करून नुसते 'इन्स्टॉल' म्हटले की तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो. वर्डमध्ये दिसतो, पण दुसऱ्या खात्याने चालणाऱ्या किंवा जुन्या सॉफ्टवेअरला दिसत नाही आणि दाखल्यावर चौकोन उमटतात. 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा, ॲडमिन पासवर्ड एकदाच लागेल. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फाँट जुन्या फाइल्समध्ये वापरलेले असतात. नव्या विंडोजमध्ये ते 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या ऐच्छिक भागात आहेत आणि सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून जोडावे लागतात. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणी विंडोजमध्ये आधीपासूनच आहे, तिच्यासाठी बाहेरचे सॉफ्टवेअर उतरवू नये.

डिजिटल सहीच्या टोकनचा (पेन ड्राइव्हसारख्या यूएसबी उपकरणाचा) ड्रायव्हर बसवताना ॲडमिन लागतो, रोज सही करताना लागत नाही. रोज लागत असेल तर काहीतरी चुकीचे बसले आहे. टोकन दिसत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये 'स्मार्ट कार्ड' ही सेवा चालू आहे का बघा. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने दूरच्या संगणकात शिरलात तर तिथे लावलेले टोकन दिसणार नाही, कारण ती जोडणी समोर बसलेल्याच्या संगणकावरचे टोकन शोधते; ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवून उपयोग नाही. आधारच्या थंब मशिनची आरडी सर्व्हिस (ठसा घेऊन पोर्टलला देणारे सॉफ्टवेअर) आपल्याच संगणकावर १११०० ते १११२० या पोर्टपैकी (जोडणीच्या क्रमांकांपैकी) एकावर बोलते. 'डिव्हाइस नॉट रेडी' आले की लोक पूर्ण फायरवॉल बंद करतात. त्या एका सेवेला परवानगी दिली की पुरते. क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्या संकेतस्थळाला स्थानिक नेटवर्कशी बोलू द्यायचे का, हेही विचारतात. घाईत 'ब्लॉक' दाबले गेले असेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून साइट सेटिंग्जमध्ये ते पुन्हा चालू करता येते.

सही चालत नाही, थंब लागत नाही, पोर्टल उघडत नाही, असे सगळे एकदमच झाले तर आधी तारीख बघा. बरेच दिवस वीज नसलेल्या, बंद राहिलेल्या डेस्कटॉपमधला सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल उतरतो, तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सगळी सर्टिफिकेट अवैध ठरतात. स्टँडर्ड खात्यातून तारीख बदलता येत नाही, म्हणून ऑपरेटरला ॲडमिन केले जाते. सेल बदला, इंटरनेटवरून आपोआप वेळ घेण्याची सोय चालू करा, प्रश्न मिटतो.

सेटिंग्जच्या पानावर 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित' असे दिसले आणि संस्थेने तसे काहीच केलेले नसेल, तर अकाउंट्समधले 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडून पाहा. कुणीतरी ईमेल जोडताना 'संस्थेला हे मशिन हाताळू द्या' ही खूण तशीच राहू दिलेली असते. नसेल तर विंडोज 'हलके' करून देणाऱ्या फुकट टूलने मागे ठेवलेल्या पॉलिसी (सेटिंग्जवर लादलेले नियम) असतात. आणि संस्थेनेच पॉलिसी लावली असेल तर ती रजिस्ट्रीतून मोडू नका. डोमेनवरच्या (संस्थेच्या मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेल्या) मशिनमध्ये ती पुन्हा लागू होऊ शकते, आणि तुमचा बदल पुसला जाऊ शकतो.

नव्या लॅपटॉपबाबत तीन गोष्टी. एस मोडमधला लॅपटॉप स्टोअरबाहेरचे काहीच बसू देत नाही; त्यातून बाहेर पडणे मोफत आहे. विंडोज ११ चे 'स्मार्ट ॲप कंट्रोल' चालू असेल तर डिजिटल सही नसलेले अनोळखी सॉफ्टवेअर अडवले जाते आणि तिथे 'रन एनीवे' हे बटणच नसते. दोष संगणकाचा नसतो, सॉफ्टवेअरवर सही न करणाऱ्याचा असतो. तिसरी गोष्ट महत्त्वाची: तंत्रज्ञाने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशिन सुरू करून दिले तर डिस्कचे एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक कुलपात ठेवणे) आपोआप चालू होऊ शकते आणि ४८ अंकी रिकव्हरी की त्याच्या खात्यात जाते. उद्या विंडोजने ती मागितली आणि तो माणूस सापडला नाही, तर डेटा गेला. खाते कार्यालयाचे असावे आणि की छापून तिजोरीत ठेवावी.

रिमोट घेणारे (दुरून संगणक हाताळणारे) तंत्रज्ञ यूएसी बंद करायला सांगतात, त्याला एक कारण आहे: परवानगीची खिडकी वेगळ्या सुरक्षित पडद्यावर उघडते आणि त्यांना ती दिसत नाही. रिमोटचे सॉफ्टवेअरच ॲडमिन म्हणून सुरू केले की ती खिडकी दिसते. काम संपल्यावर ते सॉफ्टवेअर बंद करून कायमचा पासवर्ड काढला आहे ना, हे समोर बसून तपासा.

स्टँडर्ड खाते ठेवले म्हणजे सगळे सुरक्षित, असा आमचा दावा नाही. खंडणीखोर व्हायरस स्टँडर्ड खात्यातूनही त्या वापरकर्त्याच्या आणि शेअर केलेल्या फाइल्स कुलूपबंद करू शकतो. पण ॲडमिन नसेल तर त्याला अँटिव्हायरस उखडता येत नाही, विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती पुसता येत नाहीत, दुसऱ्या खात्यांत शिरणे अवघड जाते. म्हणून न जोडलेल्या डिस्कवरचा बॅकअप आणि स्टँडर्ड खाते दोन्ही हवे. अशी घटना घडली तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्था आणि कंपन्यांनी ती ६ तासांच्या आत कळवायची असते. मशिन घाईने फॉरमॅट केले तर कळवायला पुरावाच उरत नाही.

कार्यालयप्रमुखांना आमची विनंती आहे की ॲडमिन पासवर्ड बंद लिफाफ्यात स्वतःकडे ठेवावा, देखभालीच्या तंत्रज्ञाला वेगळे खाते द्यावे आणि कंत्राट बदलले की त्याच दिवशी ते बंद करावे. खरेदीत विंडोजची होम आवृत्ती घेऊ नये. तिच्यात डोमेनला जोडण्याची आणि गट धोरण (सगळ्या मशिनना एकच नियम) लावण्याची सोय नाही. आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून, शासकीय पोर्टलच्या हेल्पडेस्ककडूनही, एक पानी लेखी माहिती मागावी: इन्स्टॉल करताना ॲडमिन लागतो की रोज, कोणत्या फोल्डरमध्ये लिहिले जाते, कोणती सेवा आणि कोणता पोर्ट लागतो, डॉट नेट व व्हिज्युअल सी++ ची कोणती आवृत्ती हवी, अँटिव्हायरसमधून नेमका कोणता फोल्डर वगळायचा. 'अँटिव्हायरस बंद करा आणि ॲडमिन म्हणून चालवा' एवढेच उत्तर आले तर शेवटचे बिल थांबवावे.

आपले,
कार्यालयीन संगणकांच्या देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
लातूर